टेक्सासचा गव्हर्नर म्हणजे आपला मुख्यमंत्रीच ना?

नागरिकशास्त्र_कच्चं: टेक्सासच्या मतपत्रिकेवर गव्हर्नरशिवाय लेफ्टनंट गव्हर्नर, ॲटर्नी जनरल, कंट्रोलर, लँड कमिशनर, कृषी कमिशनर अशी रांगच लागलेली असते. हे सगळे गव्हर्नरच्याच हाताखालचे असतील, तर प्रत्येकाला वेगळं मत कशाला? आणि रेल्वे कमिशनर नक्की काय बघतो?

पारावरचा: हाताखालचे नाहीत, गोम तिथेच आहे. आपल्याकडे मुख्यमंत्री नावं देतो, राज्यपाल नेमतात, आणि नकोसा झालेला मंत्री मुख्यमंत्र्यांच्या सल्ल्यानं घरी जातो. टेक्सासची १८७६ची घटना लिहिणारे आधीच्या गव्हर्नरच्या एकवटलेल्या सत्तेला विटलेले होते. त्यांनी सत्ता मुद्दाम फोडली. गव्हर्नर आणि लेफ्टनंट गव्हर्नर यांची जोडीही नसते, दोघं स्वतंत्र निवडून येतात. १९९५ ते १९९९ या काळात गव्हर्नर बुश रिपब्लिकन, तर लेफ्टनंट गव्हर्नर बॉब बुलक डेमोक्रॅट होते. या पदाला 'उप' समजू नका. तो सिनेटचा, म्हणजे राज्य विधिमंडळाच्या वरिष्ठ सभागृहाचा, अध्यक्ष असतो, समित्या तोच नेमतो आणि कुठलं विधेयक कुठल्या समितीकडे जाणार तेही तोच ठरवतो. विधेयक तिथेच कुजवता येतं.

जमाखर्च: माझ्या मते सगळ्यांत कमी लेखलं जाणारं पद कंट्रोलरचं, म्हणजे राज्याचा महसूल आणि हिशेब बघणाऱ्याचं. विधिमंडळाचं नियमित अधिवेशन दर विषम वर्षी, जास्तीत जास्त १४० दिवसांचं. त्याआधी कंट्रोलर महसुलाचा अंदाज देतो. पुढे खर्चाचं विधेयक मंजूर झालं तरी ते थेट गव्हर्नरकडे जात नाही. 'एवढा पैसा जमणार आहे' असा दाखला आधी कंट्रोलरनं द्यावा लागतो. त्यानं नाही म्हटलं तर दोन्ही सभागृहांत चार-पंचमांश मतं लागतात, म्हणजे जवळपास अशक्यच. गव्हर्नर त्यातली एकेक रक्कम खोडू शकतो. अधिवेशन संपल्यावर त्याला २० दिवस मिळतात आणि तेव्हा खोडलेलं फिरवायला सभागृहच भरलेलं नसतं. १९९५च्या मतदानानं खजिनदाराचं वेगळं पद रद्द झालं आणि ते कामही कंट्रोलरकडे आलं. लेखापरीक्षण मात्र त्याच्याकडे नाही, राज्याचा ऑडिटर विधिमंडळाची समिती नेमते.

पारावरचा: रेल्वे कमिशनचं नाव १८९१चं, काम आता तेल-वायूच्या विहिरी आणि पाइपलाइनचं. रेल्वेचे उरलेसुरले अधिकार २००५मध्ये गेले. तीन सदस्य, सहा वर्षांची मुदत, दर दोन वर्षांनी एक जागा. फाटकाची तक्रार घेऊन तिथे जाऊ नका!

आणखी दोन ठिकाणी लोक फसतात. ॲटर्नी जनरल राज्याचा वकील, तुमचा नव्हे. फौजदारी खटले मुख्यतः स्थानिक निवडून आलेले सरकारी वकील चालवतात. पण माहिती मागितल्यावर एखाद्या कार्यालयाला ती दडवायची असेल, तर त्यानं कामकाजाच्या १० दिवसांत ॲटर्नी जनरलकडे निर्णय मागावा लागतो. अर्जाची तारीख जपून ठेवा. दुसरं, सेक्रेटरी ऑफ स्टेट. इलिनॉयमध्ये तो निवडून येतो आणि वाहन परवानेही देतो. टेक्सासमध्ये त्याला गव्हर्नर नेमतो, आणि परवाने सार्वजनिक सुरक्षा विभागाकडे.

नागरिकशास्त्र_कच्चं: मग गव्हर्नरला नकोसा ॲटर्नी जनरल काढायचा कसा?

जमाखर्च: गव्हर्नरला काढता येतच नाही. कनिष्ठ सभागृह महाभियोग लावतं, त्या क्षणी अधिकारी निलंबित, मग खटला सिनेटपुढे. दोषी ठरवायला दोन-तृतीयांश मतं हवीत. मे २०२३मध्ये ॲटर्नी जनरल केन पॅक्सटन यांच्यावर १२१ विरुद्ध २३ मतांनी महाभियोग लागला. सप्टेंबरमध्ये सिनेटनं त्यांना निर्दोष ठरवलं आणि ते पुन्हा त्याच खुर्चीत बसले.