बायपास झालेल्या वडिलांचे देहदान

प्रश्न (लातूर): माझ्या वडिलांची बायपास झालेली असून त्यांना देहदानाचा अर्ज भरायचा आहे. असा देह वैद्यकीय महाविद्यालय स्वीकारते का, आणि त्यांनी सही केल्यावर आम्हा भावंडांची संमती कशाला लागते?

उत्तर (अंबाजोगाई): बायपासमुळे सहसा अडचण येत नाही, शवविच्छेदन झालेला किंवा एचआयव्हीसारखा संसर्ग असलेला देह मात्र नाकारला जातो. साक्षीदारांसमोर भरलेला अर्ज ही वडिलांच्या इच्छेची नोंद असते, पण मृत्यूनंतर देह सुपूर्द करणारे तुम्हीच असता आणि जवळच्या एकाही नातेवाइकाने विरोध केला, तर महाविद्यालये सहसा देह घेत नाहीत. त्यामुळे गावाकडच्या काका-आत्यांशीही आत्ताच बोलून ठेवावे. अर्ज शरीररचनाशास्त्र विभागात मिळतो.

उत्तर (नांदेड): हृदयदान वेगळे. प्रत्यारोपणासाठी हृदय मेंदूमृत (मेंदूचे काम कायमचे थांबलेल्या) रुग्णाचे घेतात आणि त्यासाठी 1994 चा स्वतंत्र कायदा आहे. नेत्रदान करूनही देहदान करता येते.

उत्तर (परभणी): अर्ज भरला म्हणून वडिलांनी गोळ्या थांबवू नयेत. तंबाखू पूर्ण बंद, रोजचे चालणे डॉक्टरांना विचारून, आणि मीठ दिवसाला 5 ग्रॅमहून कमी; ठेचा-लोणच्याच्या आपल्या ताटात हेच सर्वांत अवघड जाते.