पांढऱ्या बैलाला तांबडा बांडा जोडीदार चालेल का? रंगाचा कामाशी संबंध असतो का?

कपाशीवाला_चोपडा
राम राम मंडळी. चोपड्याजवळ सात एकर काळी जमीन आहे आमची, कपाशी आणि थोडी ज्वारी. मागच्या महिन्यात आमचा डावीकडचा बैल गेला, रात्रीतून पोट फुगलं आणि सकाळी डॉक्टर येईपर्यंत संपला, नऊ वर्षं होता घरात, आई अजून त्या दावणीकडे बघत नाही. आता सर्जा एकटा उरलाय. पांढराशुभ्र, थिलारी जातीचा, नाक गाजरासारखं गुलाबी, वय सहा. कोळपणी (पिकाच्या ओळींमधलं तण काढणं) तोंडावर आलीये म्हणून जोडीदार बघतोय.

बाजारात एक निमाडी जातीचा पाहिला, तांबडा, कपाळावर आणि पोटाखाली पांढरे डाग, चारदाती म्हणजे अजून तरुण, पाय सरळ, चाल तर अशी की बघत राहावं. पण वडील म्हणतात पांढऱ्याला पांढराच पाहिजे, तांबडा डोक्याने गरम असतो आणि उन्हात लवकर जीभ काढतो. व्यापारी पण तेच सांगतो आणि पांढऱ्याचे आठ-दहा हजार जास्त मागतो. खरंच रंगावरून बैलाच्या कामात फरक पडतो का? ज्यांनी दोन रंगांची जोडी वापरली त्यांनी सांगा.

तापीकाठ
रंग पाहीसन बैल नको लेऊ भो. आपल्याकडची म्हणच आहे ना, ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. म्हणजे रंग एकाचा दुसऱ्याला लागत नाही, सवय लागते. तुझा सर्जा शांत असेल तर नवा चारदाती आहे, शिकेल त्याच्याकडून, आणि नवा जू टाकणारा निघाला तर सर्जा पण बिघडेल, खरी भीती ती आहे.

माझ्याकडे बारा वर्षं पांढरा आणि काळा-बांडा अशी जोडी होती. पोळ्याला लोक बोलायचे की जोडी शोभत नाही, पण वखराला त्यांच्यासारखी जोडी पुन्हा मिळाली नाही मला. तू उंची बघ. वशिंडापाशी दोघं एका मापाचे पाहिजे, नाहीतर जू कलतं आणि बुटक्याच्या खांद्यावर सगळा भार येतो, मग खांदा सुजला की ऐन हंगामात पंधरा दिवस बैल घरी. दुसरं चाल. कपाशीत कोळपं धरल्यावर एक पुढे आणि एक मागे चालला की पास, म्हणजे कोळप्याचं पातं, तिरकी होते आणि झाडं कापली जातात.

पशुसेवक_निवृत्त
मी गुरांच्या दवाखान्यात नोकरी केली, धुळे आणि जळगाव दोन्ही जिल्ह्यांत, म्हणून थोडं सविस्तर लिहितो कारण हा प्रश्न मला कायम विचारला जायचा.

वडिलांच्या बोलण्यात एक गोष्ट बरोबर आहे. गडद केस ऊन जास्त शोषतात आणि पांढरे केस ते परत फेकतात, त्यामुळे आपल्याकडे मे महिन्यात ४५ च्या पुढे पारा जातो तेव्हा भर दुपारी काळा किंवा गडद तांबडा बैल पांढऱ्यापेक्षा लवकर तापतो. पण लोक केस बघतात आणि कातडी बघत नाहीत. केस बाजूला करून आतली कातडी बघा. वर पांढरे केस आणि खाली काळी कातडी हे आपल्या उन्हासाठी सगळ्यात चांगलं, केस ऊन परतवतात आणि काळी कातडी आतल्या मांसाला जपते. वर पांढरा आणि आत गुलाबी असला तर तोच पांढरा बैल उन्हाने पोळतो. शिवाय आपल्या वशिंडाच्या गुरांना घामाच्या ग्रंथी भरपूर आणि केस आखूड, गुळगुळीत. तांबडा असला तरी केस चकचकीत आणि आखूड असतील तर तो ऊन सोसतो, केस राठ आणि उभे असतील तर मात्र जंत किंवा दुखणं आहे का ते आधी तपासा.

आणि कोळपणी जुलै-ऑगस्टमध्ये असते, तेव्हा कुठे आलं ४५. सकाळी लवकर जुंपा, दहा साडेदहाला सोडा, परत चारनंतर. उन्हाळ्यात कामाच्या बैलाला दिवसाला ४०-५० लिटर पाणी लागतं, तेवढं मिळत नसेल तर रंग कोणताही असो, तो जीभ काढणारच.

राग रंगातून येत नाही. मारका बैल मी सगळ्या रंगांचे पाहिले, बहुतेकांना लहानपणी काठीने मारलेलं होतं.

सातपुडा_पायथा
माझा मुद्दा वेगळा आहे, इथे जातीची गोष्ट रंगाच्या नावावर खपते. तापीकडची थिलारी पांढरी, ती खिल्लारचाच एक प्रकार, अंगाने हलकी आणि पायाला चपळ, म्हणून लोक म्हणतात पांढरा पळतो. निमाडी म्हणजे खरगोन बडवाणीकडची, त्यात गीर आणि खिल्लार दोन्हींचं रक्त मानतात, हाड जाड आणि चालायला दमदार, म्हणून लोक म्हणतात तांबडा ओढतो. पळणं आणि ओढणं जातीतून आलंय, रंग फक्त जातीची खूण आहे. आता देवणी घ्या, एकाच जातीत पूर्ण पांढरा बालंक्या आहे, तोंडावर काळा असलेला वानेरा आहे आणि काळ्या-पांढऱ्या डागांचा शेवरा आहे, तिन्ही त्याच शेतात तेच काम करतात. डांगी तर काळा-पांढरा बांडा, डांग-नाशिककडच्या धो-धो पावसात भातखाचरात चालतो कारण त्याच्या कातडीतून तेलकट पाझर सुटतो आणि पाणी अंगाला लागत नाही, त्यात रंगाचं काही नाही.

हा, एका ठिकाणी पांढऱ्या कातडीचं नुकसान मी डोळ्यांनी पाहिलंय. आमच्याकडे डोंगराला घाणेरी फार, टणटणी म्हणा. उन्हाळ्यात चारा नसला की गुरं ती खातात, लिव्हर खराब होतं आणि मग उन्हात गेलं की जिथे कातडी गुलाबी आहे तिथेच सोलून निघते. नाक, कानाचं टोक, पांढरे डाग. शेजारच्या बांड्या गाईचे फक्त पांढरे डाग सोलले होते आणि तांबडा भाग जसाच्या तसा. तेव्हा तुमचा सर्जा गुलाबी नाकाचा आहे तर त्याला घाणेरीपासून लांब ठेवा, आणि निमाडीच्या डागाखालची कातडी पण बघून घ्या.

गाडीवान_शिरपूर
रंगाचा एक उपयोग आहे, रात्री गाडी रस्त्याला लागली की पांढरा बैल ट्रकवाल्याला लांबून दिसतो आणि काळा दिसतच नाही. तांबडा घेतलास तर जुवाला आणि गाडीच्या मागे रेडियम लाव, आमच्या गावात यावरून एक जोडी गेली आहे.

तापीकाठ
आणि रुमालाखाली बोटं धरून सौदा करायच्या आधी जुंपून बघ. व्यापारी नाही म्हणाला तर समज काहीतरी आहे. नांगराला नाही, साधं वखर दे, दोन तास, बसतो का, जू टाकतो का, मागच्या पायाचा खूर ओढतो का. कानातला बारा अंकी बिल्ला पण बघून घे, २०२२ ला लम्पी आली तेव्हा बिल्ला नसलेल्या जनावरांचे किती हाल झाले ते आपण पाहिलंय.

कपाशीवाला_चोपडा
सगळ्यांचे मनापासून आभार. आज गेलो होतो, वडिलांना पण नेलं. उंचीला सर्जापेक्षा दोन बोटं कमी भरला. केस बाजूला करून पाहिले, तांबड्याखाली कातडी काळी, डागांखाली गुलाबी, नाक काळं. व्यापारी जुंपायला तयार नव्हता पण वडिलांनीच आग्रह धरला, मग शेजारच्या पडीत वखर दिलं त्याच्याच एका पांढऱ्या बैलासोबत. दोन तासांत एकदाही थांबला नाही, वळणावर नुसत्या आवाजाने वळत होता, कासरा ओढावा लागला नाही. वडील बांधावर उभे होते, काही बोलले नाहीत, शेवटी जाऊन त्याच्या खांद्यावर हात फिरवून आले आणि मला म्हणाले, याला डावीकडे जुंपायचा, सर्जाला त्याच बाजूच्या सोबत्याची सवय आहे.

परवा आणतोय. दोन बोटांच्या फरकासाठी जुवाला काय करता येईल ते तापीकाठ दादा सांगा, तिकडच्या बाजूला गादी जाड बांधली तर चालेल का?

तापीकाठ
दोन बोटं चालतात. गोणपाटाची घडी करून त्याच्या बाजूला बांध, दोरी खांद्याला घासू देऊ नको आणि पहिले आठ दिवस रोज संध्याकाळी खांदा हाताने दाबून बघत जा, गरम लागला की एक दिवस सुट्टी. अजून चारदाती आहे, वाढेल तो.