मदत हवी आहे: हातकागदावर शाई पसरते, खळ कशी द्यावी?
आजीच्या जुन्या, पांढऱ्या सुती कपड्यांच्या चिंध्यांचा लगदा करून मी कागद करते आहे. यावर तिच्याच आठवणी टाकाने लिहायच्या आहेत, म्हणून जीव अडकलाय. चौकटीवर ताव छान उतरतो. उजेडासमोर धरला की एकेक तंतू दिसतो, कडांना ती मऊ झालरही येते. पण टाक टेकवला की शाई फुटते, अक्षराला मिशा येतात. टीपकागदच जणू!

लगद्यात काहीच मिसळलं नव्हतं. नंतर शाई फुटू नये म्हणून खळ द्यायला साधारण ३ टक्के जिलेटिनच्या कोमट पाण्यात वाळलेला ताव बुडवला, तर उचलताना मधोमध फाटला. असे ४ ताव गेले. लगदा मिक्सरमध्ये केलाय. त्यात तंतू कुटल्यासारखे फुलत नाहीत, नुसते तुटतात. ताव कमजोर त्यामुळेच असेल का?

बुडवण्याऐवजी मऊ ब्रशने जिलेटिन लावलं तर चालेल? की लगद्यातच खळ घालावी, आणि किती? खळीत तुरटी मात्र नको, तिच्या आम्लाने कागद पुढे पिवळा पडून ठिसूळ होतो. कुणी स्वतः करून पाहिलं असेल तर प्रमाणासकट सांगा, प्लीज. चिंध्या आता जेमतेम १० तावांपुरत्याच उरल्यात.