मदत हवी आहे: ही गुळवेलच आहे का, कसं ओळखायचं?

नमस्कार मंडळी, नागपूरहून लिहून राहिलो. आमच्या घरामागच्या कडुलिंबावर एक वेल चढली आहे, पानं हृदयाच्या आकाराची, आणि आई महिन्याभरापासून तिचाच काढा करून पिऊन राहिली, म्हणते कडुलिंबावरची गुळवेल सगळ्यात चांगली. पण जुन्या खोडावर हात फिरवला तर बारीक बारीक गाठी लागतात, तिथेच मला शंका आली. गुळवेलीची एक बहीण आहे, टिनोस्पोरा क्रिस्पा, तिच्या खोडावर अशा ठळक गाठी असतात. थायलंडमध्ये तिला बोरापेट म्हणतात, इंडोनेशियात ब्रोतोवाली, तिकडे तापावर आणि साखरेवर पिढ्यानपिढ्या वापरतात, पण तिच्यामुळे लिव्हरला त्रास झाल्याच्या केसेस आहेत आणि दोन्हींत गल्लत होते.

आईला शुगरची गोळी चालू आहे आणि गुळवेलीनेही साखर उतरते, म्हणून दुहेरी काळजी. काढा मी सध्या बंद करायला लावलाय, ती रागावली आहे पण असू दे. डॉक्टरांना तर दाखवणारच.

कोणी वनस्पतीशास्त्रवाले किंवा वैद्य आहेत का इथे? फोटो टाकतो, पान, खोड, फळ यातलं नेमकं काय दाखवू? आणि नागपुरात नमुना नेऊन खात्री कुठे करून मिळेल? प्लीज लवकर सांगा.