बालसाहित्यातून मुलांना ‘देश’ कसा कळतो?

प्रश्न (एक पालक, रंकाळा परिसर, कोल्हापूर): माझी मुलगी पन्हाळगडाचा वेढा तोंडपाठ सांगते, परंतु भारत म्हणजे काय, असे विचारले की नकाशाकडे बोट दाखवते. पुस्तकांची निवड चुकते आहे काय?

निवृत्त शिक्षिका: नकाशा पुरेसा नाही, हे खरे. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘श्यामची आई’मध्ये देशभक्तीची भाषणे फारशी नाहीत, मात्र अस्पृश्य म्हातारीच्या डोक्यावर मोळी चढवून देण्यास आई श्यामला सांगते, तेव्हा ‘आपली माणसे’ या शब्दांची व्याप्तीच बदलते.

एक वाचक: मान्य, पण अपुरे. आंतरभारतीचे, म्हणजे प्रांतांनी एकमेकांची भाषा-साहित्य जाणून घेण्याचे, स्वप्नही गुरुजींचेच. कन्नड मुलूख आपल्या इतका जवळ असूनही (दूध-भाजीची ये-जा रोजची!) आपल्या मुलांना एकही कन्नड बालकथा ठाऊक नसते.

प्रश्नकर्ता: करवीर नगर वाचन मंदिरात अनुवादित बालकथा शोधतो.