मोनोनोके: औषधविक्या तलवार लगेच का काढत नाही?

प्रश्न: २००७ची मोनोनोके ही जपानी ॲनिमे सिरीज कालच चालू केली (मियाझाकींचा 'प्रिन्सेस मोनोनोके' पिक्चर नाही हां, ही वेगळी), एदो काळातला (साधारण १७वं ते १९वं शतक) जपान, चित्रं तर जुन्या जपानी कागदावर छापल्यासारखी. पण समोर भूत असूनही तो भुतं घालवणारा औषधविक्या तलवार का नाही काढत?

उत्तर १: काढूच शकत नाही ना तो, आधी भुताचं रूप, मग खरं घडलं काय आणि मग त्यामागचं मनातलं कारण, हे तिन्ही कळल्याशिवाय तलवार सुटतच नाही, म्हणून तर प्रत्येक गोष्ट उलटतपासणीसारखी चालते.

उत्तर २: १२च भाग आहेत, घाई करू नका. सुगंध ओळखायच्या खेळाची नुएवाली (नुए म्हणजे जपानी दंतकथेतला विचित्र प्राणी) गोष्ट नक्की बघा, सगळं राखाडी आणि मधेच रंग येतात, अंगावर काटा!

प्रश्नकर्ती: थँक्यू, आता पहिली झाशिकी-वाराशीवाली (लहान मुलाच्या रूपातलं घरातलं भूत) गोष्ट परत बघते.