इंडीकारमध्ये उसाचं इथेनॉल : एवढी ताकद येते कुठून?

मळीचा वास :
माझे वडील सोलापूर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत पाळीवर असतात. परवा इंडीकार या अमेरिकेतल्या मोटार शर्यतींच्या मालिकेतली इंडियानापोलिसची शर्यत बघताना कळलं, 2023 पासून त्या गाड्यांत शेल या तेल कंपनीचं जे इंधन आहे त्यातलं इथेनॉल उसाच्या टाकाऊ भागापासून करतात. वडिलांना सांगितलं, त्यांचा विश्वास बसेना. पेट्रोलपेक्षा इथेनॉलात ताकद कमी म्हणतात, मग ताशी 370 किलोमीटरने गाडी पळते कशी? आणि फॉर्म्युला वनवाले हेच का वापरत नाहीत?

अक्कलकोट रोडचा फिटर :
भाऊ, लई चांगलं विचारलंत. लिटरमागे पेट्रोलात साधारण 32 मेगाज्यूल ऊर्जा, इथेनॉलात 21. इथवर लोकांचं बरोबर आहे. पण इंजिनात अडतं ते हवेपाशी. किलोभर पेट्रोल जाळायला 14.7 किलो हवा लागते, इथेनॉलला फक्त 9. तेवढ्याच हवेत दीडपटीहून जास्त इथेनॉल जळतं, आणि हिशेब केला की दोघांची उष्णता जवळजवळ सारखीच निघते.

वर इथेनॉल वाफ होताना भरपूर उष्णता ओढून घेतं. आत जाणारी हवा गार पडते, इंजिन ठोकत नाही (म्हणजे इंधन अवेळी आपोआप पेटत नाही), टर्बोचा, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याचा, दाब वाढवता येतो. इंडीकारचं 2.2 लिटरचं व्ही-6, दोन टर्बो, मिनिटाला 12,000 फेरे. त्याला हे मानवतं. फक्त टाकी लवकर रिकामी होते.

फॉर्म्युला वनमध्ये 2014 पासून बंधन इंधनावर होतं : तासाला 100 किलोच्या वर नाही. वजन मोजून मिळणार असेल तर किलोमागे जास्त उष्णता देणारं पेट्रोलच परवडतं. शिवाय तिथं इंधन काय असावं हेही नियमच सांगतो. 2022 ला त्यात 10 टक्के इथेनॉल आलं. 2026 पासून इंधन पूर्ण शाश्वत, आणि मर्यादा वजनाऐवजी ऊर्जेवर.

एक कळकळीचं सांगणं, डिस्टिलरीतलं कुणी बाइकमध्ये ओतू नका. मागच्या पावसाळ्यात असली एक गाडी माझ्याकडं आली होती. नळीचं रबर फुगलेलं, कार्बोरेटरात पांढरी बुरशी धरल्यासारखं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं.

होटगी रोड :
इंडीकारमध्ये याआधी असलेलं मिथेनॉलही (हेही एक अल्कोहोलच) विसरू नका. 1964 च्या इंडियानापोलिस 500 मध्ये पेट्रोलच्या आगीत एडी सॅक्स आणि डेव्ह मॅकडोनाल्ड हे चालक गेले. पुढच्या वर्षीपासून गाड्या मिथेनॉलकडे वळल्या. त्याची आग पाण्याने विझते, पण उजेडात ज्वाळा दिसतच नाही. 1981 ला पिटमध्ये, म्हणजे शर्यतीत इंधन भरायला थांबतात तिथं, चालक रिक मिअर्स पेटला होता आणि आजूबाजूच्यांना आग कुठं आहे तेच कळेना. ते चित्रण मला आजही बघवत नाही. इथेनॉल पूर्णपणे आलं 2007 मध्ये.

मळीचा वास :
फिटरकाका, वडिलांना सगळं वाचून दाखवलं. ते म्हणाले, "आमचं इथेनॉल मळीचं. बगॅस, म्हणजे रस काढून उरलेलं चिपाड, बॉयलरला जातो, त्यावर वीज होते. बगॅसमधून स्पिरिट काढायचं तर आधी त्यातला सेल्युलोज फोडून साखर करावी लागेल." मग त्यांनीच विचारलं, त्या गाडीच्या टाकीत किती मावतं. सत्तरेक लिटर सांगितल्यावर लगेच हिशेब करायला बसले, एका टाकीला किती मळी लागेल.